वॉर्डातले शॉर्टफॉर्म आणि टीमची गडबड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी १६ वर्षं स्टाफ नर्स म्हणून वॉर्डात काढली आणि आता नवीन लोकांचं ओरिएंटेशन घेते, नर्स, इंटर्न, फिजिओ, फार्मसीतली मुलं सगळे एकाच खोलीत. दर बॅचला फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. क्रम वगैरे काही नाही, आठवले तसे लिहिलेत.

जार्गन म्हणजे नक्की काय? मेडिकल शब्द आला की तो जार्गनच का?

नाही. हिमोग्लोबिनला हिमोग्लोबिनच म्हणायचं, त्याला उगाच दुसरं नाव शोधत बसू नका. जार्गन म्हणजे जो शब्द बोलणाऱ्याला सहज कळतो आणि समोरच्याला कळत नाही, पण बोलणाऱ्याच्या ते ध्यानातच येत नाही. त्यामुळे एकच शब्द एका माणसासमोर साधा असतो आणि दुसऱ्यासमोर जार्गन. दोन कार्डिओलॉजिस्ट आपसात 'ईएफ ३०' म्हणाले तर दोघांना लगेच कळतं की हृदयाचं पंपिंग बरंच कमी झालंय, तेच डायटिशियनला कानावर पडलं तर ती मान हलवेल आणि मग बाहेर जाऊन मोबाईलवर शोधेल.

आणि एक प्रकार लोक विसरतात, तो म्हणजे साधे वाटणारे शब्द. 'पेशंट स्टेबल आहे.' आयसीयूतल्या माणसाच्या तोंडी स्टेबल म्हणजे व्हेंटिलेटरवर आहे, तीन इंजेक्शनं चालू आहेत, पण सकाळपासून आकडे बदललेले नाहीत. वॉर्डातली नर्स ऐकते की आता शिफ्ट करता येईल. बाहेर बसलेला मुलगा ऐकतो की बाबा बरे झाले. लॅटिन शब्दापेक्षा मला हा 'स्टेबल' जास्त छळतो, कारण लॅटिन शब्द कळला नाही तर निदान कळलं नाही हे तरी कळतं.

मग सरळ बंदच का करत नाही हे सगळे शॉर्टफॉर्म?

कारण ते कामाचे आहेत हो. चांगलं जार्गन कसं असतं बघायचं असेल तर अपगार स्कोअर घ्या. डॉ. व्हर्जिनिया अपगार भूलतज्ज्ञ होत्या, त्यांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली. बाळ जन्मल्यावर पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला ० ते २ मार्क, एकूण १० पैकी. पहिल्या मिनिटाला ४ आणि पाचव्या मिनिटाला ८ एवढं सांगितलं की लेबर रूममधल्या नर्सपासून बालरोगतज्ज्ञापर्यंत सगळ्यांना एकच चित्र दिसतं. किंवा जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे ते मोजणारा ग्लासगो कोमा स्केल, ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये आणलेला, ३ ते १५ मधला आकडा. त्याआधी लोक 'गुंगीत आहे', 'अर्धवट शुद्धीत आहे' असं लिहायचे आणि तुमची गुंगी वेगळी, माझी गुंगी वेगळी. आता रात्री १४ होता आणि पहाटे ११ झाला म्हटलं की कोणी वाद घालत नाही, धावतात.

या दोन्हीत एक गोष्ट आहे, आत काय काय मोजायचं ते ठरलेलं आहे आणि सगळ्यांना ते शिकवलेलं आहे. वॉर्डात फिरणाऱ्या निम्म्याअधिक शॉर्टफॉर्मचं असं काही ठरलेलं नसतं, कोणीतरी कधीतरी घाईत लिहिला आणि तो तसाच चालत आला.

एका शॉर्टफॉर्मचे खरंच इतके वेगळे अर्थ असतात का?

पीटी घ्या. माझीच गोष्ट सांगते, नवीन होते तेव्हाची. इंटर्नने नोट्समध्ये लिहिलं, 'उद्या सकाळी पीटी.' मी फिजिओथेरपीला कळवलं. फिजिओ मॅडम सकाळी आल्या, आजोबांना उठवून बसवलं, छातीचा व्यायाम करून घेतला, छान नोंद करून गेल्या. अकरा वाजता सर्जन राउंडला आले आणि विचारलं पीटीचा रिपोर्ट कुठाय. त्यांना हवी होती रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट, प्रोथ्रॉम्बिन टाइम, त्याशिवाय ऑपरेशनला घेता येत नव्हतं. त्या दिवशीची केस पुढे ढकलली. आजोबा रात्रीपासून उपाशी होते ते वेगळंच. कोणी चुकलं होतं का, तर म्हटलं तर कोणीच नाही, आणि फाइलमध्ये तर सगळं बरोबरच दिसत होतं, पीटी सांगितली, पीटी झाली.

एमएस म्हणजे हृदयाची झडप आकसलेली, किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार, किंवा मॉर्फिन सल्फेट हे दुखण्यावरचं औषध. आरटी म्हणजे नाकातून घातलेली राइल्स ट्यूब आणि कॅन्सर वॉर्डात रेडिओथेरपी. पीआयडी गायनॅकमध्ये ओटीपोटाचं इन्फेक्शन, ऑर्थोमध्ये सरकलेली मणक्याची चकती. डीओए म्हणजे अॅडमिशनची तारीख आणि डीओए म्हणजेच आणला तेव्हा मृत, यावर काही बोलायलाच नको.

पण संदर्भावरून कळतंच की?

बहुतेक वेळा कळतं, म्हणूनच तर सवय सुटत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा गाडी नीट जाते आणि आपल्याला वाटतं रस्ता चांगला आहे. पण संदर्भ हा डोक्यात असतो, कागदावर नसतो. आणि पेशंट एका वॉर्डात थांबत नाही ना, कॅज्युअल्टी, आयसीयू, वॉर्ड, डिस्चार्ज, मग फॅमिली डॉक्टर. ओडी लिहिलं तर मेडिसिनवाला म्हणतो दिवसातून एकदा, डोळ्यांच्या विभागात तोच ओडी म्हणजे उजवा डोळा, कॅज्युअल्टीत ओव्हरडोस. कागद मात्र एकच.

कळलं नाही तर लोक विचारत का नाहीत? एवढं काय त्यात?

हाच खरा प्रश्न आहे आणि मी यावर सगळ्यात जास्त वेळ घालवते.

विचारलं तर आपण अडाणी ठरू ही भीती. बास. नवीन नर्सला वाटतं हे मला यायलाच हवं होतं, इंटर्नला वाटतं रजिस्ट्रार सगळ्यांसमोर लाज काढेल, फिजिओला वाटतं आपण आधीच बाहेरचे, त्यात हे विचारलं तर राउंडला कोणी बोलावणारच नाही. आणि वर्षभर नाही विचारलं की मग विचारायची सोयच उरत नाही, कारण इतके दिवस मान हलवलेली असते! माझ्या बरोबरची एक सीनियर सिस्टर मला एकदा हळूच म्हणाली, 'अगं ते राउंडला सारखं एनएडी एनएडी म्हणतात ते नक्की काय गं?' तिची तेव्हा २० वर्षं सर्व्हिस झाली होती. मी सांगितलं, तपासणीत वेगळं काही सापडलं नाही. मग तीच म्हणाली की तिला वाटायचं काही तपासलंच नाही, म्हणून ती प्रत्येक वेळी पुन्हा सगळं बघायची. आता हसू येतं पण तिची चूक पेशंटच्या फायद्याची होती, उलटी असती तर?

दुसरं म्हणजे जार्गनने आपण कोण ते दिसतं. पहिल्या वर्षाची मुलं बघा, शॉर्टफॉर्म शिकले की चालच बदलते. एका अर्थाने ते बरोबरही आहे, टीममध्ये आलो असं वाटतं. पण ज्या भिंतीमुळे तुम्ही आत आलात असं वाटतं तीच भिंत दुसऱ्याला बाहेर ठेवते. मीटिंगमध्ये सोशल वर्कर बसलेली असते, पेशंटच्या घरी इंजेक्शन द्यायला कोणी नाही हे फक्त तिला माहीत असतं, आणि वीस मिनिटं ती एक वाक्य न कळता बसते आणि मग उठून जाते. ती माहिती टेबलावर आलीच नाही. नुकसान तिचं नाही झालं.

म्हणून आमच्याकडे मी एक सांगते, अर्थ पोचवणं ही बोलणाऱ्याची जबाबदारी, ऐकणाऱ्याची नाही. ज्युनिअरला 'विचारत जा गं' म्हणून काही होत नाही. सीनियरने स्वतःहून पूर्ण शब्द बोलला किंवा सगळ्यांसमोर 'हे काय लिहिलंय, मला नाही कळलं' म्हटलं की मग पोरं बोलायला लागतात.

कोणते शॉर्टफॉर्म अजिबात वापरायचे नाहीत?

अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणारी जॉइंट कमिशन नावाची संस्था आहे, तिने २००४ मध्ये 'हे वापरू नका' अशी छोटीशी यादीच काढली. त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं सांगते. युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहायचं नाही, हाताने लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो आणि १० युनिट इन्सुलिनचे १०० होतात. पूर्ण आकड्यापुढे पॉइंट आणि शून्य नको, १.० मधला टिंब पुसट आला की १० झाले. उलट पॉइंटच्या आधी शून्य हवंच, .५ लिहिलं आणि टिंब दिसला नाही की ५. रोज एकदासाठी क्यूडी आणि दिवसाआडसाठी क्यूओडी हे दोन्ही बाद, कारण एका अक्षराच्या फरकाने डोस दुप्पट. मॉर्फिन आणि मॅग्नेशियम सल्फेटची रासायनिक शॉर्ट नावं बाद, दोन्ही एकसारखी दिसतात. ओडी या यादीत नाही, पण औषधांच्या चुकांवर काम करणाऱ्या आयएसएमपीच्या यादीत आहे, उजव्या डोळ्याचंच कारण देऊन.

मायक्रोग्रामसाठी 'म्यू' हे ग्रीक अक्षर लिहू नका, मिलिग्राम वाचलं गेलं तर हजारपट फरक पडतो. आणि मेथोट्रेक्सेट सांध्यांसाठी आठवड्यातून एकदाच असतं, तिथे तर शॉर्टफॉर्म सोडाच, वारसुद्धा लिहा, 'दर सोमवारी' असा. हे औषध चुकून रोज घेतल्याने लोक दगावलेत.

एसओएस तर सगळ्यांना माहीत असतं ना?

हो, आणि प्रत्येकाला वेगळं. प्रिस्क्रिप्शनवर एसओएस म्हणजे लागलं तरच घ्या, मूळ लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. एका काकूंना डिस्चार्जच्या वेळी दुखण्याची गोळी एसओएस लिहून दिली होती. आठ दिवसांनी आल्या, टाक्यांच्या दुखण्याने रात्र रात्र जागलेल्या, गोळ्यांचं पाकीट न फोडता परत घेऊन आल्या. म्हणाल्या, 'एसओएस लिहिलंय ना, म्हणजे अगदी जिवावर बेतलं तर घ्यायची, मी म्हटलं तेवढं काही नाही.' बुडणाऱ्या जहाजाचं एसओएस त्यांना माहीत होतं, आमचं नाही. डिस्चार्ज कार्ड मीच भरलं होतं.

फोनवर ऑर्डर घेताना काय करायचं?

लिहा, वाचून दाखवा, आणि समोरच्याकडून 'बरोबर' ऐका. तिन्ही. यालाच क्लोज्ड लूप म्हणतात (बघा, हेही जार्गनच). आकडा सुटा करून म्हणायचा, फिफ्टीन नाही तर वन फाइव्ह, कारण फिफ्टीन आणि फिफ्टी खराब लाइनवर एकसारखेच ऐकू येतात.

कोणाला हा शाळकरीपणा वाटला तर मी विमानवाल्यांची गोष्ट सांगते. १९७७ मध्ये टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. पायलटने रेडिओवर टेक-ऑफ शब्द वापरून जे सांगितलं त्याचा अर्थ टॉवरने वेगळा घेतला, आणि टॉवरकडून आलेल्या 'ओके'चा अर्थ पायलटने वेगळा. बाकीही कारणं होती, धुकं होतं, दोघं एकदम बोलल्याने रेडिओवर खरखर आली. पण नंतर नियम झाला की टेक-ऑफ हा शब्द फक्त खरी परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. एका शब्दाला एकच अर्थ. आपल्याकडे अजून 'ओके' चालूच आहे, 'सर पोटॅशियम ६ आलंय' (म्हणजे धोक्याइतकं जास्त), 'ओके'. ओके म्हणजे ऐकलं, की बघायला येतो, की चालेल?

एसबीएआर काय आहे? खरंच उपयोग होतो की नुसता फॉर्म?

ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली आणि कैसर परमनंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेतल्या लोकांनी ती हॉस्पिटलात आणली. चार पायऱ्या: आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. नर्स आणि डॉक्टर वेगळ्या पद्धतीने बोलायला शिकलेले असतात म्हणून ती लागते, नर्स सगळी गोष्ट सांगत येते आणि डॉक्टरला आधी शेवट हवा असतो.

रात्री तीनला असा फोन होतो: 'सर, पेशंट जरा बरा वाटत नाहीये.' सर म्हणतात बघत राहा. एसबीएआरमध्ये तोच फोन: 'सर, मी सर्जिकल वॉर्डातून, बेड ७, बीपी ८४ वर ५०, पल्स १२८. काल आतड्याचं ऑपरेशन झालंय, ड्रेनमध्ये दोन तासांत ३०० एमएल रक्त आलंय. मला वाटतं आत ब्लीडिंग होतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा.' शेवटची दोन वाक्यं नर्सच्या तोंडून निघायलाच वर्ष लागतं, 'मला वाटतं' आणि 'तुम्ही या'. माझ्या मते एसबीएआरचा खरा फायदा तोच आहे, तो बोलायची परवानगी देतो. नुसता फॉर्म भरून फाइलला लावला तर काही होत नाही, ते मी पण पाहिलंय.

शिफ्ट बदलताना काय चुकतं?

'बाकी सगळं तसंच आहे' हे वाक्य चुकतं. हँडओव्हर नीट बांधला तर फरक पडतो याचा पुरावा आहे: २०१४ मध्ये आय-पास नावाच्या पद्धतीचा अभ्यास आला, ९ हॉस्पिटलं, त्यात रेसिडेंट डॉक्टरांना एका ठरलेल्या साच्यात हँडओव्हर शिकवला आणि वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्यासारखी इजा ३० टक्क्यांनी. साच्यातली शेवटची पायरी मला सगळ्यात आवडते, ऐकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. शॉर्टफॉर्म न कळता पुढे गेला असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सगळ्यांनी नाव सांगायचं असतं ते कशाला? आम्ही ओळखतो एकमेकांना.

ओळखता? रोटेशनवरचा इंटर्न, आजच आलेली टेक्निशियन? डब्ल्यूएचओच्या सर्जिकल चेकलिस्टमध्ये चीर देण्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं आहे. ती २००८ ला आली आणि ८ शहरांतल्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं असं २००९ मध्ये छापून आलं. सगळं श्रेय नाव सांगण्याला नाही, त्यात अँटिबायोटिक वगैरे बरंच आहे. पण एकदा तोंड उघडलेला माणूस नंतर 'सर, बाजू चुकतेय' म्हणायला कमी घाबरतो.

पेशंटसमोर आपसात बोललं तर काय बिघडतं, त्यांना कुठे कळतं?

अर्धवट कळतं, तेच वाईट. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' ऐकून हसणारे लोक मी पाहिलेत. २०२२ मध्ये अमेरिकेत २१५ प्रौढांना विचारून केलेला एक अभ्यास आहे, कॅन्सरची तपासणी निगेटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही हे ९६ टक्क्यांना कळलं, पण 'नोड्स पॉझिटिव्ह' म्हणजे कॅन्सर पसरलाय हे फक्त ६७ टक्क्यांना. म्हणजे तीनातल्या एकाला नाही, आणि ही सगळी इंग्रजीतच जगणारी माणसं.

'कळलं ना?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार ते मला सांगा बरं, मी नीट सांगितलं का ते बघते' असं विचारा. यात परीक्षा आपली असते, त्यांची नाही.

'नॉन-कॉम्प्लायंट' (सांगितलेलं न पाळणारा), 'डिफिकल्ट पेशंट' असं लिहिलं तर? हे तर फक्त टीमसाठी असतं.

टीमसाठीच घातक आहे ते. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की सिकल सेलच्या (हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात खूप दुखतं) एकाच पेशंटची नोट दोन भाषांत लिहिली, एक तटस्थ आणि एक संशय घेणारी, तर संशयाची नोट वाचलेल्या विद्यार्थी आणि रेसिडेंट डॉक्टरांचं मत वाईट झालं आणि त्यांनी दुखण्यावर कमी उपचार सुचवले. तुम्ही रात्रीच्या वैतागात लिहिलेला एक शब्द पुढच्या दहा जणांच्या डोक्यात बसतो. 'गोळ्या घेत नाही' एवढंच लिहा, जमलं तर का ते लिहा, परवडत नाहीत, चक्कर येते, की कोणी सांगितलंच नाही.

शिवाय आता पेशंट वाचतात. अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून बहुतेक नोट्स पेशंटला उशीर न करता दाखवाव्या लागतात, आणि ब्रिटनमध्ये २०१८ पासून तिथल्या वैद्यकीय कॉलेजांची अकादमी ओपीडीतल्या डॉक्टरांना सांगतेय की पत्र थेट पेशंटलाच लिहा, प्रत फॅमिली डॉक्टरला.

कॉम्प्युटर आल्यावर हा प्रश्न सुटला असेल ना?

अक्षर सुटलं. पीटी टाइप केलं तरी पीटीच राहतं, आणि कॉपी-पेस्टमुळे ते पुढच्या चार अॅडमिशनपर्यंत पसरतं.

आमच्या वॉर्डात सुरुवात कुठून करू?

मोठं ट्रेनिंग वगैरे नको. नर्सिंग स्टेशनला एक कोरा कागद लावा आणि पेन दोऱ्याने बांधा (नाहीतर पेन तासाभरात जातं). ज्याला जो शॉर्टफॉर्म अडला त्याने तो नाव न घालता लिहायचा, ज्याला माहीत आहे त्याने पुढे अर्थ लिहायचा. आम्ही केलं तेव्हा दोन आठवड्यांत ४३ जमले. नऊंना दोन-दोन अर्थ आले, वेगवेगळ्या अक्षरांत, आणि एकाखाली तर चांगलंच भांडण झालं. ते नऊ आम्ही पूर्ण लिहायला लागलो, बाकीचे राहू दिले.

एक 'एसटीपी' असा होता, आमच्या चार्टवर रोज संध्याकाळी त्याच्यापुढे टिक केली जायची. त्याच्यासमोर कोणीच काही लिहिलं नाही. रिटायर झालेल्या इनचार्ज सिस्टरना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या मी आले तेव्हापासून आहे, मी पण टिकच करायचे.